मदत हवी आहे: कोंडातून सगळं टाकलं, टर्मिनलात चालतं, नोटबुकात मात्र 'ईपीएसजी कोड अज्ञात'

गाळपेर

नमस्कार मंडळी. फोनवरून मराठी कळफलकानं लिहितोय, त्यामुळं आज्ञाही देवनागरीतच आल्यात. चालवून घ्या.

काम असं आहे. धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी दर मे महिन्यात कुठवर उतरतं, ते सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचंय. सुरुवात २०१६ पासून, म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून. बी०३ हा हिरवा पट्टा आणि बी०८ हा अवरक्त, दोन्ही घेऊन एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक काढायचा. दोन्ही पट्टे १० मीटरचे, म्हणजे एक पिक्सेल १०० चौरस मीटरचा. जवळजवळ एक गुंठाच! चाळीस पिक्सेल म्हणजे एकर, असं सांगितलं की आमच्या घरात सगळ्यांना कळतं. या एका गोष्टीपायी हा नाद सुटत नाही.

लॅपटॉप जुना, उबुंटू २२.०४. आधी पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपला सरळ 'पिप इन्स्टॉल जीडाल' दिलं. जीडाल म्हणजे उपग्रहाची चित्रं वाचणारी लायब्ररी. 'जीडाल-कॉन्फिग सापडत नाही' म्हणून पानभर लाल अक्षरं. एका ठिकाणी वाचलं की लिबजीडाल-डेव टाका, म्हणून उबुंटूच्या ॲप्टनं ते टाकलं. ते आलं ३.४.१ आणि पिप ओढतंय सगळ्यात नवं. दोघांचं जमेना, कंपाइल होता होता अर्ध्यात मोडलं. त्यात दोन रात्री गेल्या. रात्री म्हणतो कारण दिवसा आमच्याकडं रेंज नसते. अकरानंतर गच्चीवर हॉटस्पॉट बरा चालतो, आणि रोजचा दीड जीबी त्यातच संपतो.

मग मिनीफोर्ज टाकलं, त्यात कोंडा येतं, तेही पॅकेजं टाकायचंच साधन. 'मांजरा' नावाचं वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा केला, त्यात कोंडा-फोर्ज या साठ्यावरून रास्टरिओ (चित्रांसाठी), जिओपांडाज (हद्दींसाठी), आयपायकर्नल (नोटबुकासाठी). हे एका दमात झालं. पहिलं चित्र उघडलं तर जेपी२ फाइल ओळखेना. पण त्या एररमध्येच लिहिलं होतं की ओपनजेपेगचा प्लगइन नाही, लिबजीडाल-जेपी२ओपनजेपेग टाका. टाकलं, उघडली.

आता अडलंय ते इथं. भरलेल्या धरणाची हद्द मी अक्षांश-रेखांशात आखलीय. ती यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीत आणायची, तिचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३, नाहीतर क्षेत्रफळ अंशांत येतं आणि त्याचा उपयोग शून्य. ज्युपिटर नोटबुकात (ब्राउझरात पायथन चालवायची वही) ३२६४३ म्हटलं की 'सीआरएस एरर, ईपीएसजी कोड अज्ञात'. जवळजवळ अख्खा मराठवाडा ज्या पट्ट्यात बसतो तो कोड अज्ञात कसा? तीच ओळ टर्मिनलात 'मांजरा' चालू करून दिली की मुकाट चालते. तीनदा एन्व्हायर्नमेंट पाडून पुन्हा केलं. काहीच समजंना झालंय.

कोरडवाहू

दादा, हॉटस्पॉटवर उतरवलंय ना? मग एखादं पॅकेज अर्धवटच आलेलं असणार. माझं लै वेळा झालंय असं. 'कोंडा क्लीन ऑल' मारा, सगळं नव्यानं ओढा.

काळीमाती

थांबा, क्लीन ऑल मारू नका. अर्धवट उतरलेलं पॅकेज कोंडा बहुतेक वेळा टाकतानाच पकडतं, आणि पॅकेज खराब असतं तर टर्मिनलातही चाललं नसतं. फाइली त्याच, पायथन तोच. क्लीन मारलं तर साठवलेली सगळी पॅकेजं जातील आणि गच्चीवर अजून दोन रात्री काढाव्या लागतील. तुम्ही तीनदा एन्व्हायर्नमेंट पाडलं तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फारसं डाउनलोड झालं नसेल बघा. तो साठा तिथंच कामाला आला.

मला दोन गोष्टी सांगा. नोटबुक कुठून सुरू करता? आणि एररची शेवटची ओळ नको, अख्खी एरर टाका. प्रोज, म्हणजे नकाशा-प्रणाली बदलणारी लायब्ररी, हा शब्द जिथं आहे ती ओळ तर हवीच.

गाळपेर

हो, दुसऱ्या वेळी दोन मिनिटांत झालं होतं. मला वाटलं नेट सुधारलं.

ज्युपिटर बेसमध्ये, म्हणजे कोंडाच्या मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलेलं आहे, तिथूनच सुरू करतो आणि आत कर्नल (कोड चालवणारा पायथन) म्हणून 'मांजरा' निवडतो. तसंच करतात ना?

एररची मधली ओळ मराठीत सांगायची तर अशी: 'यूएसआर, शेअर, प्रोज' या फोल्डरातल्या प्रोज डॉट डीबीचा लेआउट क्रमांक अपेक्षेपेक्षा कमी आहे, ही फाइल दुसऱ्या प्रोज इन्स्टॉलेशनमधली आहे. खरं सांगतो, ही ओळ मी आजपर्यंत वाचलीच नव्हती. एवढं लांबलचक इंग्रजी दिसलं की नजर थेट तळाला जाते.

काळीमाती

त्याच ओळीत उत्तर आहे. रस्ता बघा: यूएसआर, शेअर, प्रोज. हे उबुंटूचं घर, कोंडाचं नव्हे. तुमच्या एन्व्हायर्नमेंटची प्रोज डॉट डीबी मिनीफोर्जच्या फोल्डरात एन्व्ह्स, मांजरा, शेअर, प्रोज इथं असते. सगळे ईपीएसजी कोड याच डीबीत असतात. उबुंटू २२.०४ ची प्रोज ८.२.१, कोंडा-फोर्जवरून आलेली ९ मालिकेतली. म्हणजे नवा तलाठी जुन्या तलाठ्याचं दप्तर उघडून बसलाय. त्याला जो नमुना हवा तो त्यात नाही, म्हणून तो म्हणतोय की असा गटच नाही.

त्याला त्या दप्तराकडं पाठवलं कुणी, हा पुढचा प्रश्न. माझा संशय 'प्रोज अंडरस्कोर लिब' या व्हेरिएबलवर आहे, सगळी अक्षरं कॅपिटल. डेटा कुठं शोधायचा ते प्रोजला सांगणारी ही नोंद. नवीन टर्मिनल उघडा, काहीही चालू न करता 'एन्व्ह' ची यादी काढा आणि त्यात प्रोज शोधा. सापडलं तर घरच्या फोल्डरातली डॉट बॅशआरसी उघडून बघा, टर्मिनल उघडलं की हीच फाइल आधी चालते.

टर्मिनलात चालतं त्याचं कारणही सांगतो, नाहीतर भुताटकी वाटेल. 'कोंडा ॲक्टिव्हेट मांजरा' म्हटलं की फक्त पाथ बदलत नाही. पॅकेजांनी ठेवलेल्या छोट्या स्क्रिप्टाही त्या वेळी चालतात. प्रोजची अशी एक स्क्रिप्ट आहे, ती 'प्रोज अंडरस्कोर डेटा' हे व्हेरिएबल स्वतःच्या फोल्डरावर लावून देते. प्रोज ९.१ पासून हे नवं नाव आलं आणि लायब्ररी आधी तेच बघते, जुनं लिब नंतर. म्हणून तिथं जुन्या व्हेरिएबलचा त्रास जाणवत नाही. ज्युपिटरचा कर्नल मात्र ॲक्टिव्हेट वगैरे काही करत नाही. तो मांजरातला पायथन थेट उठवतो, आणि ज्या बेसमधून तुम्ही नोटबुक सुरू केलं तिथली सगळी व्हेरिएबलं त्याच्या अंगावर येतात. त्यात डेटा नाही, जुनं लिब तेवढं आहे.

कोरडवाहू

बरं झालं तुम्ही अडवलं, मी दादाचा दीड जीबी घालवला असता. पण काऊन हो, उबुंटूत ते जुनं प्रोज आलंच कसं? त्यांनी तर कोंडातून टाकलंय.

काळीमाती

ॲप्टनं लिबजीडाल-डेव टाकलं ना त्यांनी? त्याच्यासोबत प्रोज आणि तिचा डेटा येतो. तो तिथं असणं काही चूक नाही, उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजांना तो लागतोच. कोंडाला तिकडं बघायला लावणं ही चूक.

गाळपेर

सापडलं! डॉट बॅशआरसीच्या अगदी तळाला 'एक्स्पोर्ट प्रोज_लिब' आणि पुढं तोच यूएसआरचा रस्ता. वर माझीच टिप्पणी: 'जीडालसाठी, नंतर काढणे'. ॲप्टच्या त्या रात्री कुठल्याशा लेखातून तीन ओळी चिकटवल्या होत्या, त्यातली ही एक. मी एन्व्हायर्नमेंट तीनदा पाडलं, पण ही ओळ एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर होती. तीसदा पाडलं असतं तरी हेच झालं असतं.

ओळ काढली. उघड्या टर्मिनलात ती तशीच राहते हे लक्षात न आल्यानं अजून दहा मिनिटं वैतागलो, मग सगळी टर्मिनलं बंद करून नव्यानं ज्युपिटर उघडलं. ३२६४३ बिनबोभाट चाललं. हद्द चित्रावर बसली, मे २०१६ चं पाणी वेगळं निघालं. चुलत्यांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून आधी विचारलं, "भिंत कुठंय ह्याच्यात?" भिंत दाखवल्यावर बोटानं वर सरकत गेले आणि एका काळ्या पट्ट्यावर थांबून म्हणाले, इथं पाणी असायला पाहिजे होतं.

एक शंका: ज्युपिटर 'मांजरा'मध्येच टाकून तिथून सुरू केलं तर बरं का?

काळीमाती

एकट्यानं वापरायचं असेल तर तेच सोपं. 'मांजरा' ॲक्टिव्हेट करा, ज्युपिटरलॅब तिथंच टाका, तिथूनच उघडा. स्क्रिप्टा चाललेल्या असतील, पुन्हा असं व्हायचं नाही. आणि या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पिप इन्स्टॉल रास्टरिओ' करू नका. पिपवाल्या रास्टरिओच्या पोटात त्याचं स्वतःचं जीडाल आणि प्रोज असतं, म्हणजे घरात तिसरं दप्तर येईल.

गोदाकाठ

नांदेडहून वाचतोय. आमच्याकडं सहा-सात मुलांना हेच टाकायचंय आणि नेटची तीच बोंब. प्रत्येकानं वेगळं उतरवायला लागेल का?

काळीमाती

नाही. कोंडा-पॅक म्हणून एक पॅकेज आहे, तेही कोंडा-फोर्जवर मिळतं. तयार एन्व्हायर्नमेंटची एक दाबलेली फाइल होते, ती पेन ड्राइव्हवरून न्या, दुसऱ्या लॅपटॉपवर फोल्डर करून उघडा, ॲक्टिव्हेट करा आणि एकदा 'कोंडा-अनपॅक' चालवा, म्हणजे आतले रस्ते नव्या जागेप्रमाणं बदलतात. अट एकच, दोन्हीकडं एकच ऑपरेटिंग सिस्टिम हवी. उबुंटूवरचं विंडोजवर चालणार नाही. आणि मुलांच्या बॅशआरसीत काय आहे ते आधी बघून घ्या.

गाळपेर

गोदाकाठ, मी रविवारी अंबाजोगाईला आहे, तिकडून कुणी येणार असेल तर फाइल तयार करून देतो. माझा पेन ड्राइव्ह १६ जीबीचा आहे, चित्रं हवी असतील तर मोठा आणा. शीर्षकापुढं 'सुटलं' लावतोय.