मदत हवी आहे: विमानवाहू जहाजाच्या मॉडेलमधली आणीबाणीची जाळी

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या पोरांनी यंदा विक्रांत घेतलीय. तापीपलीकडे पाणी पाहिलं नाही, पण हट्ट जहाजाचाच!

खरी विक्रांत 262 मीटर लांब, आमची प्लायवूडची सहा फुटी. खऱ्या जहाजासारख्याच तीन तारा आडव्या लावल्यात, फक्त आमच्या चड्डीच्या इलॅस्टिकच्या. थर्माकोलचं विमान पन्हाळीतून सोडलं की शेपटीचा हुक तारेत अडकतो. इथवर झकास. डेकवर टेकताच पायलट इंजिन पूर्ण जोरात का ठेवतो, हेही पोरं सांगतात: हुक चुकला तर पुढून परत उडता यावं म्हणून.

अडलंय ते पुढे. हुकच तुटला तर? त्यासाठी कांद्याच्या गोणीची जाळी दोन बांबूच्या काड्यांना ताणून बांधली. विमानाचं नाक तीत घुसलं, शेपटी वर, आणि मागून ओरडा, "सर, इमान उलथी गयं!" पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. शिवाय हा सराव करताना कोण कुठे उभं असतं, तेही दाखवायचंय. कुणाला माहीत असेल तर सांगा. प्रदर्शन शनिवारी आहे.

प्रतिसाद
सर, चूक बांधण्यात आहे. ती मासे धरायची जाळी नसते. वर एक आणि खाली एक मजबूत पट्टा, आणि दोन्हींच्या मधे नायलॉनच्या उभ्या पट्ट्या. नाक पट्ट्यांमधून पुढे जातं, अडकतात ते पंख. दुसरं म्हणजे ती घट्ट नसते. डेकखाली तारेसाठी जी ब्रेक यंत्रणा असते तसलीच जाळीलाही जोडलेली असते, त्यामुळे जाळी विमानासोबत पुढे सरकत त्याचा वेग खाते. दोऱ्या खाली सोडून टोकांना वाळूच्या पुड्या बांधा, जमिनीवर घासत येऊ द्या. आणि इथे इंजिन बंद करायचं असतं, तारेच्या उलट.

माणसांचं म्हणाल तर अमेरिकी जहाजांवर पिवळा सदरा विमानांना वाट दाखवणाऱ्यांचा, लाल सदरा आग आणि अपघात पथकाचा. पण सगळे पोरगे लाल करू नका, पाणी-फेसाचा सराव बाकीच्यांनाही द्या. 1967 साली अमेरिकेच्या फॉरेस्टल जहाजावर आग लागली, पहिल्याच स्फोटांत प्रशिक्षित अग्निशामक गेले. मागच्यांनी पाणी मारलं, त्यात आगीवरचा फेसच धुऊन गेला. 134 माणसं दगावली.

धागाकर्ता
आभार भाऊ! आधी केळीच्या सोपटाच्या पट्ट्या लावल्या, दुसऱ्याच फेरीत तुटल्या. मग शिंप्याकडची नायलॉनची फीत आणली. विमान दीड वीत पुढे जाऊन सरळ थांबलं. लाल शर्ट मात्र दोघांकडेच आहेत, तेही रंगपंचमीचे.