काकांचा स्क्रीनशॉट कुठे आहे?

ए-१०२ (सेक्रेटरी): सुप्रभात 🙏 दहा हजार पावलं चॅलेंजचा आज सातवा दिवस. ४२ पैकी ३१ घरांचे स्क्रीनशॉट आले. उरलेल्यांनी रात्री ९ च्या आत टाकावेत. रविवारी यादी लागेल. सी-३०१ काका, तुमचा अजून एकही नाही!

सी-३०१: येणारही नाही. ३२ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. भरलेल्या गाडीत पुढून मागं, मागून पुढं. आता गेटजवळच्या बाकावर बसतो, बरं वाटतं.

ए-१०२: तुमच्याच भल्यासाठी सांगतोय काका. या वयात जरा अ‍ॅक्टिव्ह राहायला हवं.

सी-३०१: शुगर डॉक्टर बघतात. भाजीला मंडईत पायीच जातो. मोजत नाही, एवढंच.

बी-२०४: सेक्रेटरीसाहेब, दहा हजार हा आकडा मुळात डॉक्टरांचा नाहीच. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. ऐकायला गोल आकडा, खपला. २०१९ मध्ये अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या १६ हजारांवर बायकांचा अभ्यास आला. त्यात रोज २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० नंतर फारसा फरक नाही.

ए-१०५: म्हणजे चालायचंच नाही का?

बी-२०४: चाला की. पण ४,४०० चाललं तरी चालतं.

डी-४०३: खरं सांगू का? आमचे हे फोन पाळण्याला बांधतात.

ए-१०२: वहिनी!! मग परवाचे २३,०००?

डी-४०३: बाळाला दात येताहेत. रात्रभर झोपलं नाही.

ए-१०५: 😂😂 पहिला नंबर बाळाला द्या

सी-१०२: आमच्या मावशी सहा घरची कामं करतात. गंमत म्हणून विचारलं, चॅलेंजमध्ये नाव घालू का? म्हणाल्या, ताई, बसायचं काही निघालं तर सांगा.

ए-१०२: विषय भरकटतोय. सगळं कमिटीत ठरलंय. यादी रविवारी लागणारच.

सी-३०१: लावा. माझं नाव वर टाका, खाली वाचायला चष्मा लागतो. आणि बाकावरचा दिवा चार दिवस बंद आहे, तेवढं इलेक्ट्रिशियनला सांगा.