मदत हवी आहे: एक्सेलच्या एकाच सेलमध्ये आकडे टाकत जायचे आणि बेरीज तिथेच वाढायला हवी

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचा महिला बचत गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतो. हिशेब माझ्याकडे असतो. ज्वारीचं पीठ गटाकडून जातं, बायका आपापल्या घरी भाकऱ्या करतात आणि होतील तशा आणून देतात. एकच बाई सकाळी ४० आणते, दुपारी २५, संध्याकाळी मुलाच्या हातून आणखी ६० पाठवते. मजुरी भाकरीमागे ठरलेली, त्यामुळे आकडा चुकला की तिचे पैसे चुकले.

सध्या एका ओळीत एक नाव आणि पुढे त्या दिवसाचा आकडा एवढंच आहे. ४० असलेल्या सेलमध्ये २५ टाकले की ४० पुसले जातात, म्हणून तोंडी बेरीज करून ६५ लिहायचे. एरवी निभतं. पण गड्ड्याच्या यात्रेआधी मागणी वाढते आणि दारात रांग लागते. कुणी मराठीत सांगतं, कुणी थप्प्या कन्नडमध्ये मोजतं, मध्येच फोनवर ऑर्डर येते. त्या गडबडीत तोंडी बेरजेचा भरवसा वाटत नाही. दुपारी माझ्या जागी दुसऱ्या ताई असतात, त्या मोबाइलवर नोंद करतात.

त्याच सेलमध्ये २५ टाकून एंटर मारलं की तिथे ६५ दिसावेत, एवढंच हवंय. एका व्हिडिओत पाहून बी२ मध्ये ‘बी२ अधिक ए२’ असं सूत्र टाकलं, तर सर्क्युलर रेफरन्सची (सूत्र स्वतःच्याच सेलवर अवलंबून असल्याची) सूचना येते. ती बंद करून काम भागेल का?

प्रतिसाद

ताई, ती सूचना बंद करू नका. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथे इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (तेच गणित पुन्हा पुन्हा करणं) चालू केलं की सूचना जाते, हे खरं. पण तिथे आवर्तनांचा आकडा आधीपासून १०० असतो. तसाच ठेवलात तर ४० च्या जागी ४००० वाढतील. तो १ केला तरी शीट पुन्हा गणित करेल तेव्हा ए२ मधला आकडा परत मिळवला जाईल. नुसतं एफ९ दाबलं तरी. मजुरीच्या हिशेबाला हे चालणार नाही.

तुम्ही म्हणता तसं हुबेहूब मॅक्रोने, म्हणजे एक्सेलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने होतं. शीटच्या चेंज इव्हेंटमध्ये (सेल बदलला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) आधीचा आकडा धरून ठेवायचा, नवा त्यात मिळवायचा आणि बेरीज त्याच सेलमध्ये लिहायची. लिहिण्यापुरते इव्हेंट बंद ठेवावे लागतात, नाहीतर मॅक्रो स्वतःलाच पुन्हा बोलावतो. फाइल मॅक्रो-एनेबल्ड प्रकारात सेव्ह करायची. हवा असेल तर कोड लिहून देतो.

प्रतिसाद

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण मॅक्रो मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये चालत नाही. तुमच्या दुसऱ्या ताई दुपारी २५ टाकतील आणि सकाळचे ४० जातील. शिवाय मॅक्रो चालला की अन्डू करता येत नाही. २५ ऐवजी २५० पडले तर मागे कसं फिरणार?

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. संध्याकाळी एखादी बाई विचारेल, “अक्का, सकाळच्या चाळीस धरल्या का?” सेलमध्ये नुसतेच १२५ असतील तर काय दाखवाल? तिच्या कष्टाचा हिशेब तिला बघता आला पाहिजे.

त्यासाठी साधा उपाय आहे. सकाळी ४० असं न लिहिता =४० लिहा. दुपारी त्याच सेलवर एफ२ दाबून पुढे +२५ टाका, एंटर. संध्याकाळी पुन्हा एफ२ आणि +६०. सेलमध्ये १२५ दिसतील आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये =४०+२५+६० जसंच्या तसं राहील. मोबाइलवर सेलवर दोनदा टॅप केलं की तेच करता येतं. चुकीचा आकडा पडला तर तेवढाच खोडायचा.

सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह मात्र विसरायचं नाही. ते नसेल तर ४०+२५ हा मजकूर धरला जातो, आणि महिन्याच्या बेरजेत तो दिवस येतच नाही. असा सेल ओळखू येतो: सेलची बाजू आपण ठरवून दिली नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एफ२ ची पद्धत करून पाहिली, दुसऱ्या ताईंनाही मोबाइलवर जमली. तुम्ही म्हणता तो प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. काही बायका लांबून येतात, त्यांना “नंतर बघते” म्हणून परत पाठवणं मला आवडत नाही. मॅक्रो नको, हेच ठेवते.

आता एकच विचारायचंय. आठवड्याला मजुरी देताना प्रत्येकीला कागद देतो. त्यावर नुसती बेरीज न येता ४०, २५, ६० असे वेगळे आकडे छापता येतील का?

प्रतिसाद

येतील. शेजारच्या सेलमध्ये फॉर्म्युलाटेक्स्ट हे फंक्शन वापरा आणि कंसात बेरजेच्या सेलचा पत्ता द्या. तिथे =४०+२५+६० असं अक्षरशः दिसतं आणि छापलंही जातं. एक्सेल २०१३ पासून हे फंक्शन आहे, जुन्या आवृत्तीत मिळणार नाही. ज्या दिवशी सेल रिकामा असेल किंवा बरोबरचं चिन्ह राहिलं असेल, तिथे ते एन/ए दाखवेल. म्हणजे कागद छापण्याआधी विसरलेलं चिन्हही सापडेल.

प्रत्येक तारखेला एक रकाना ठेवा, नावांचा रकाना फ्रीझ पेन्सने जागेवर बसवा, म्हणजे शीट कितीही रुंद झाली तरी नाव समोर राहील. आठवड्याचा कागद वेगळ्या शीटवर करा: डावीकडे वार, मध्ये आकड्यांची ओळ, उजवीकडे बेरीज आणि खाली मजुरी.