डेंग्यूची नोटीस कशी लिहावी, लोक मनावर घेत नाहीत

ऐरोलीकर_ताई:
पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तेच पत्रक फिरतं, सावध रहा, परिसर स्वच्छ ठेवा, खाली चार अंगठे पडतात आणि विषय संपतो. गेल्या वर्षी आमच्या विंगमध्ये तिघांना डेंग्यू झाला, त्यात एक सात वर्षांची पोर, तिला आठवडाभर ॲडमिट ठेवलेली. यंदा नोटीस मी लिहिणारे. काय लिहिलं की लोक खरंच उठून काहीतरी करतील?

घोडबंदरवाली:
ताई, "परिसर स्वच्छ ठेवा" वाचून प्रत्येकाला वाटतं आमचा स्वच्छच आहे, आणि डेंग्यूचा एडिस डास होतो तोच मुळी साचलेल्या स्वच्छ पाण्यात. आमच्याकडे तपासणीला आलेल्या ताईंनी भाषण नाही दिलं, मनी प्लँटची बाटली उचलली, मोबाइलचा टॉर्च मारला आणि सासूबाईंना म्हणाल्या, आजी हे वळवळतंय ना, आठवड्याभरात याचे डास होतील. तेव्हापासून फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं सासूबाई दर रविवारी स्वतः ओततात. नोटिशीत वार लिहा, जागा लिहा. आणि नुसतं ओतू नका, घासा, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात.

कोपरखैरणे_१९:
कारणही लिहा. मार्च 2020 मध्ये सांगत होते निरोगी माणसाला मास्क नको, एप्रिलमध्ये घरी शिवलेला का होईना पण लावा, आणि 8 एप्रिलला मुंबईत सक्तीच झाली. नवीन माहिती आली की सल्ला बदलणारच, त्यात चूक नाही, पण का बदलला हे आमच्या घरापर्यंत पोचलंच नाही. बाबा म्हणायचे आज एक सांगतात उद्या दुसरं, आणि पुढे लसीलाही त्याच कारणाने दोन महिने तयार होईनात, मला रोज धाकधूक.

कळवा_नाका:
एवढं समजावत कशाला बसायचं, ज्याच्या घरी अळ्या सापडतील त्याचं नाव बोर्डावर लावा, दंड घ्या.

घोडबंदरवाली:
नको दादा, प्लीज. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोल्जर घरं तपासायला घुसायचे, लोक आजारी माणसं लपवायला लागले. कोविडमध्ये आमच्याच मजल्यावर एका घराला पत्रे ठोकले, ते बघून शेजारच्या काकांनी चार दिवस ताप सांगितलाच नाही. फोनवरच्या त्या कॉलर ट्यूनमध्ये बरोबर सांगायचे, रोगाशी लढायचंय, रोग्याशी नाही.

ऐरोलीकर_ताई:
नावं नाही लावणार. रविवारी सकाळी 10 ला टॉर्च घेऊन मीच तळमजल्यापासून सुरू करते, त्या पोरीची आई पण येते म्हणाली. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला कुठली जाळी लावता तुम्ही?