जुन्या डिझेल स्विफ्टला बॉक्स लावावा की रीमॅप करावा?

डिझेलवेडा
मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. ज्यांच्याकडे १.३ डिझेल स्विफ्ट आहे ते ती जपतात, आणि पिकअप वाढवायला काय करू म्हणून विचारत राहतात. माझं मत: पॉवर वाढवतो म्हणून विकला जाणारा प्लग किंवा ट्यूनिंग बॉक्स लावू नका. पैसे घालायचेच असतील तर नीट रीमॅप करा, म्हणजे ईसीयूतली (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली) फाइल बदलून घ्या, नाहीतर गाडी आहे तशी चालवा.

ओबीडी सॉकेटात (गाडी तपासायला स्कॅनर जोडतात तिथे) खोचायच्या स्वस्त प्लगवर फार बोलायला नको. ३५ टक्के पॉवर वाढेल असं सांगून विकलेला प्लग लोकांनी उघडून पाहिलाय. आत एक छोटी चिप आणि लुकलुकणारे दिवे. गाडीच्या ईसीयूशी बोलायला लागणारी ट्रान्सीव्हर चिप नाहीच. ही सरळ फसवणूक आहे.

बॉक्स मात्र खरंच काम करतो, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते. रेल म्हणजे इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणारी नळी; बॉक्स तिच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो. रेलमध्ये १००० बार असताना ईसीयूला ९०० सांगतो. ईसीयू प्रेशर वाढवतो, इंजेक्टरमधून डिझेल जास्त पडतं, पण टर्बोची हवा त्या मानाने वाढत नाही. मग काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि पंप-इंजेक्टरवर कायमचा ताण. ज्या सेन्सरच्या भरवशावर ईसीयू इंजिन सांभाळतो, त्याचंच म्हणणं आपण बदलून टाकलेलं असतं.

कसारा_घाट
असहमत. तुम्ही सगळ्या बॉक्सना एकाच पंगतीत बसवलंत. चांगले बॉक्स रेलबरोबर बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) सेन्सरही वाचतात आणि लोडप्रमाणे कमी-जास्त करतात. माझ्या गाडीला आहे, सगळ्यात खालच्या सेटिंगवर. २००० आरपीएमच्या खाली ही गाडी मेल्यासारखी वाटायची, ते कमी झालं. धूर नाही, ॲव्हरेज तेवढंच.

आणि रीमॅप म्हणजे काय हो, आपल्याकडे? लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये येणारा माणूस कुठूनतरी उतरवलेली फाइल गाडीत टाकतो. तीच फाइल दहा जणांच्या गाड्यांत. बॉक्स मी दहा मिनिटांत काढून ठेवू शकतो. फाइल बिघडली तर कुणाकडे जायचं?

स्पॅनर
गॅरेज चालवतो, म्हणून दोन्ही बाजूंचं नुकसान समोर येतं. बॉक्सवाल्या गाडीत कनेक्टर सैल होतात, चेक इंजिन लागतं, गाडी लिम्प मोडला जाते (ईसीयू ताकद कमी करून टाकतो), तीही घाटात. मालक बॉक्स काढून गाडी आणतो आणि सांगत नाही. मग आम्ही चांगला सेन्सर बदलायच्या मागे लागतो. कृपा करून मेकॅनिकला खरं सांगत जा.

रीमॅपवाल्यांकडूनही घोळ होतात. ईसीयूत फाइल चढत असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयू मरू शकतो. बॅटरीला चार्जर न लावता बसणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. आणि क्लच! मूळचा टॉर्क (इंजिनचा पिळाचा जोर) १९० न्यूटन मीटर. तो वाढला की जुनी क्लच प्लेट आधी घसरायला लागते. टॉर्क बॉक्सने वाढला की फाइलने, हे प्लेटला कळत नाही.

सदाशिव_पेठी
कायद्याचं कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेला आणि आरसीवर असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर निघाला तर क्लेमचा वाद वेगळाच. माझ्या मते दोन्ही नको.

कसारा_घाट
@सदाशिव_पेठी, आरसीवर टॉर्क कुठे लिहिलेला असतो? पीयूसी पास होते आहे.

सदाशिव_पेठी
डिझेलच्या पीयूसीत गाडी उभी असते, ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. घाट चढताना काय निघतं ते त्यात येत नाही. आणि क्लेम नाकारायला विमा कंपनी आरसीवरचा टॉर्क बघत बसणार नाही, तुम्ही बदल लपवला एवढं तिला पुरतं.

डिझेलवेडा
@कसारा_घाट, पार्किंगमधल्या फाइलबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, पण त्याला मी नीट रीमॅप म्हणतच नाही. आधी गाडीचं आरोग्य तपासायचं: इंजेक्टर, टर्बोचे पाइप, क्लच. मूळ फाइल वाचून जपून ठेवायची. मग डिझेल, बूस्ट, टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) आणि धुराची मर्यादा एकमेकांच्या हिशेबाने बदलायची, आणि डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) किंवा रस्त्यावर लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घेऊन बघायचं. बॉक्समध्ये टायमिंगला आणि धुराच्या मर्यादेला हातच लावता येत नाही. तुमचा बॉक्स बूस्ट वाचतो म्हणता, पण तो खरा बूस्ट वाढवतो की तिथलाही आकडा बदलून सांगतो, हे बघितलंय?

कसारा_घाट
लॉग घेतलेला नाही, पण बॉक्स काढणारही नाही. स्कॅनरवर दिसणारं रेल प्रेशर बॉक्सने बदललेलंच असणार, मग खरं प्रेशर मोजायचं कसं ते सांगा.

स्पॅनर
मल्टीमीटरने. सेन्सर आणि बॉक्सच्या मधल्या सिग्नल वायरीवर व्होल्टेज मोजा, मग बॉक्सच्या पुढच्या वायरीवर. आयडलवर फरक नसेलही, लोडवर मोजा. गाडी घेऊन या, मीटर माझ्याकडे आहे.