विषय: उन्हाळी शिबिर – दादा-ताईंना गटप्रमुखांत मोजायचं का?

मंडळी,
कालचा तक्ता पाहिला. मदतीला येणारे सहा दादा-ताई गटप्रमुख म्हणून मोजलेत, हे चालणार नाही. सगळे १४-१५ वर्षांचे आहेत. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकाप्रमाणे दिवसाच्या शिबिरात पाच वर्षांपर्यंतच्या ६ मुलांमागे एक आणि ६ ते ८ वयाच्या ८ मुलांमागे एक माणूस लागतो. तो किमान १६ वर्षांचा हवा, आणि एकूण माणसांत ८० टक्के १८ पूर्ण झालेले. आपल्याकडे छोटी १२, मोठी २४. म्हणजे ५ जण, त्यातले ४ सज्ञान. लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे घेऊन होणारी पार्श्वभूमीची तपासणी, झालेले तिघंच आहेत. कोण येतंय ते आजच कळवा.
– शिबिर समिती

ताई,
ते मानक ऐच्छिक आहे. पोरांना नुसतं मदतनीस म्हटलं तर पुढच्या वर्षी कोणी फिरकणार नाही. आणि एका आठवड्यासाठी पालकांना बोटांचे ठसे द्यायला लावणं जरा जास्तच होतंय.
– खजिनदार

काका,
मानक ऐच्छिक आहे, पण एबी ५०६ हा कायदा आहे. २०२२ पासून कॅलिफोर्नियात महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त वेळ मुलांसोबत असणाऱ्या सज्ञान स्वयंसेवकाला ही तपासणी आणि बालअत्याचार ओळखून कळवण्याचं प्रशिक्षण, दोन्ही सक्तीचं आहे. रोज ९ ते ३ धरलं तर तिसऱ्याच दिवशी १८ तास होतात. ठशांच्या बीसीआयए ८०१६ फॉर्मवर मंडळाचा ओआरआय क्रमांक (संस्थेचा ओळख क्रमांक) आपणच भरून पाठवूया. तो चुकला तर निकाल आपल्याकडे येत नाही. बोटांच्या रेषा पुसट असल्या तर ठसे परत द्यावे लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पोरांचा मान कामातून राहील. प्रत्येक खेळ बदलताना डोकी मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. स्वच्छतागृहाकडे मुलं दोन-दोन न्यायची, बाहेर मोठं माणूस उभं. कोणताही दादा एका मुलासोबत एकटा नाही. लेझीमला छोट्यांच्या हातात टिपऱ्याच द्याव्यात, साखळीत बोटं सापडतात.
– शिबिर समिती

लेझीम गटाला न विचारता टिपऱ्या कशा ठरल्या? डाव्या हाताची मूठ पूर्ण मिटलेली असली की बोट सापडत नाही. एखादं बोट बाहेर राहिलं तरच ते साखळी आणि लाकडाच्या मध्ये येतं. एका ताईकडे चार मुलं द्या, तिने फक्त मुठी बघायच्या. दोघांत दोन हात अंतर. वाकायची चाल पहिल्या दिवशी नको.
– लेझीम गट

मुठींचं पटलं. पण डब्याचं काय? साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, चटणीत दाण्याचं कूट असतं आणि पाहून ते ओळखू येत नाही. तीळही आता अ‍ॅलर्जीच्या यादीत आहेत; १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर लिहावे लागतात, घरच्या लाडवावर कोण लिहिणार? तेव्हा दादा-ताईंनी आपल्या डब्यातलं कोणालाही काही द्यायचं नाही. एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) कपाटात कुलपात नको, त्या मुलाच्या गटप्रमुखाच्या पिशवीत हवं. वापरलं की लगेच ९११. मूल बरं वाटतंय म्हणालं तरी.
– स्वयंपाकघर

ठीक आहे, ठशांची केंद्राची फी मंडळ देईल, पावत्या मला पाठवा. दादा-ताईंच्या शाळेच्या सेवातासांच्या (स्वयंसेवेच्या तासांच्या) फॉर्मवर मात्र स्वतःच्या मुलासाठी सही कोणी करू नये, बऱ्याच शाळा आईवडिलांची सही धरत नाहीत. येण्या-जाण्याची वेळ रोजच्या रोज वहीत लिहा.
– खजिनदार

काका, वही दाराशी ठेवते. अजून एक सज्ञान आणि एक १६-१७ वर्षांचा हवाच आहे.
– शिबिर समिती