दुनळी बंदुकीत रिकाम्या पुंगळ्या अडकतात

प्रश्न (देवगड):
वडिलांच्या पश्चात पीकसंरक्षणाच्या परवान्यासह बारा बोअरची जुनी विलायती दुनळी बंदूक माझ्याकडे आली आहे. बागेत वानर शिरले की हवेत बार काढण्यापुरताच तिचा उपयोग होतो. यंदा पावसाळ्यानंतर बार काढल्यावर नळी मोडली (बिजागरीवर वाकवून उघडली) असता पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचे रिकामे कवच, केसभर वर येते आणि तिथेच अडकते. वेळूच्या काठीने नळीच्या तोंडाकडून ढकलावी लागते. चेंबर (नळीचा काडतूस बसण्याचा मागचा भाग) कानशीने किंचित घासावे काय?

उत्तर १ (वेंगुर्ले):
कानस मुळीच लावू नये. आपल्याकडील खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा यांमुळे चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडतात व बार झाल्यावर फुगलेली पुंगळी त्यांत रुतून बसते. बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर ते आधी बंद करा, कारण चामडे ओल धरून ठेवते. आमच्या घरी पूर्वी खोबरेल लावत. ते २४ अंशांच्या आसपास थिजते आणि जुने झाले की चिकट होते, म्हणून बंदुकीचेच तेल वापरावे.

प्रश्नकर्ता:
तेल बदलून चेंबर स्वच्छ केले, पण फरक नाही. एक गोष्ट सांगायची राहिली. वडिलांच्या वेळची कागदी काडतुसे सहज निघत असत. अडकतात ती नवीन प्लास्टिकची, आणि तीही दोन्ही नळ्यांत. धक्काही जोराचा बसतो.

उत्तर २ (रत्नागिरी):
हे वाचल्यावर मला गंजापेक्षा लांबीची शंका येते. जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असे. आज सर्रास मिळणारे काडतूस पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचे असते. फसगत अशी की, न उडवलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ते आखूड भासते आणि चेंबरमध्ये बिनतक्रार बसते. बार होताच ते तोंड उलगडते, तेव्हा पुढे नळी अरुंद होत जाते त्या भागात त्याला जागाच उरत नाही. त्यामुळे दाब वाढतो, पुंगळी आवळली जाते आणि खांद्याला धक्का जास्त बसतो. खात्री होईपर्यंत ती काडतुसे वापरू नका. बंदूक रिकामी असल्याचे दोनदा पाहून नळ्या उतरवा, त्यांच्या खालच्या सपाट बाजूवरील ठसे वाचा आणि उडवलेली पुंगळी मोजा. पुढचे काम परवानाधारक कारागिराचेच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा गावातल्या लोहाराकडे नेऊ नये.

प्रश्नकर्ता:
पुंगळी बरोबर ७० भरली आणि नळीखाली ६५ चा ठसा आहे. पुंगळ्यांची तोंडेही विस्कटलेली दिसतात, ते आजवर लक्षातच आले नव्हते. उरलेल्या अकरा काडतुसांचे काय करावे, हे परवाना सोबत नेऊन विक्रेत्यालाच विचारतो.